जगातले धर्म शिकवताना तक्त्याआधी वाटा दाखवा

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका सरांचा आहे. नववीच्या वर्गाला त्यांनी 'जगातले प्रमुख धर्म' हा प्रकल्प दिला. मुलांनी तक्ते केले: धर्म, संस्थापक, ग्रंथ, देश, शिकवण. परीक्षेपुरतं पाठ झालं. पंधरा दिवसांनी जैन आणि बौद्ध यांत फरक काय असं विचारलं, तर वर्ग गप्प. नकाशा आणि शिकवण एकत्र कशी शिकवावी, आणि वर्गात सगळ्या घरांतली मुलं बसलेली असताना कुणाचं मन न दुखावता कशी शिकवावी, असं सर विचारतात.

सर, मी मास्तर नाही. वेरूळ-अजिंठ्याला गाईड म्हणून माझं निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं. पण जगातल्या बहुतेक धर्मांची माणसं माझ्यामागे चाललेली आहेत आणि त्यांनी मला उलटे प्रश्न विचारलेले आहेत. त्या जोरावर हे उत्तर देतो.

तुमचा तक्ता पहिल्याच ओळीत अडतो. हिंदू धर्माचा संस्थापक कोण? मुलं तिथे रेघ मारतात, नाहीतर 'व्यास' लिहून टाकतात. एकच ग्रंथ कोणता? वेद म्हणावं तर गावात वेद कुणी वाचत नाही. गावात हरिपाठ म्हणतात आणि पोथ्या लावतात. जपानच्या शिंतो धर्मालाही संस्थापक नाही. एक संस्थापक, एक ग्रंथ, एक शिकवण हे माप ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांना बेतून केलंय. बाकीचे त्यात कोंबावे लागतात.

त्याऐवजी प्रत्येक धर्माला तीन गोष्टी विचारा. माणसाचं मूळ दुखणं काय, असं तो सांगतो? त्याच्या लेखी पवित्र वस्तू कुठे असते: जागेत, ग्रंथात, माणसांच्या संघात की स्वतःच्या अंगावर? आणि त्याला एका मुलखातून दुसऱ्या मुलखात कोणी नेलं: व्यापाऱ्याने, भिक्षूने, राजाने, मजुराने की हाकलून दिलेल्या माणसांनी? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की नकाशा निम्मा सुटतो. पवित्र वस्तू उचलून नेता येते की नाही, यावर तो धर्म किती लांब जातो हे बरंचसं ठरतं. म्हणून शिकवण आणि भूगोल हे दोन धडे करू नका.

बौद्ध धर्मापासून सुरुवात करा, कारण त्याचा पुरावा आपल्याकडे दगडात आहे. विद्यापीठामागच्या डोंगरातली छत्रपती संभाजीनगरची लेणी बघा. वेरूळच्या गर्दीत ही बिचारी मागे पडतात. तिथल्या सातव्या लेण्यात दाराच्या बाजूला अवलोकितेश्वराचं, म्हणजे संकटात हाकेला धावून येणाऱ्या बोधिसत्त्वाचं (बुद्धत्वाच्या वाटेवरच्या करुणामूर्तीचं), मोठं शिल्प आहे. मधोमध तो उभा आणि दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या चौकटी. एकीत आग लागलीय, एकीत तलवार उपसलेला माणूस अंगावर येतोय, एकीत बेड्या, मग सिंह, साप, हत्ती. आणि एका चौकटीत नाव बुडतेय, माणसं हात जोडून धावा करतायत. मुलांना एवढंच विचारा, की इथून समुद्र किती लांब आहे? मग या डोंगरात बुडती नाव कुणी कोरून घेतली असेल? वणवा, दरोडेखोर, जंगली जनावरं, समुद्रातलं वादळ ही सगळी भीती प्रवास करणाऱ्याची, माल घेऊन निघालेल्याची आहे. बौद्ध धर्म कुणाच्या सोबतीने फिरला ते या एका भिंतीवरून कळतं.

त्यामागे साधं कारण आहे. बुद्धाची शिकवण अशी: जगण्यात दुःख आहे, ते तृष्णेतून येतं, तृष्णा सुटली की दुःख सुटतं आणि त्यासाठी अष्टांगिक मार्ग आहे. नित्य, न बदलणारा आत्मा तो मानत नाही. हा मार्ग पुढे चालवायला संघ लागतो, आणि संघातला भिक्षू शेती करत नाही, स्वयंपाक करत नाही, तो भिक्षेवर जगतो. म्हणजे विहार वस्तीच्या इतक्या जवळ हवा की भिक्षा मिळावी आणि इतक्या लांब हवा की ध्यान व्हावं. शिवाय दान देणारा पैसेवाला हवा. असा माणूस व्यापारी वाटेवर भेटतो. कन्नडजवळची पितळखोऱ्याची लेणी घाटाच्या तोंडाशी आहेत. तिथल्या खांबावरच्या लेखात प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, मितदेवाचं दान कोरलंय, आणि तो सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला आहे. तिथलीच एक यक्षमूर्ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचं मूर्तीवरच लिहिलंय. पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, इथून माल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जायचा, हे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या नोंदीतही आलंय. तेरचं त्रिविक्रम मंदिर बघितलं असेल तर त्याची विटांची अर्धगोल पाठ आठवा. ती मूळची बौद्ध चैत्याची, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाची, बांधणी आहे. तिथे आज विष्णूची पूजा होते, आणि गाव ओळखलं जातं गोरोबाकाकांमुळे.

याच वाटा पुढे वाढत गेल्या. अशोकाच्या काळात श्रीलंका, मग गांधार, मध्य आशियातली वाळवंटी गावं, तिथून चीन, चीनमधून कोरिया आणि सहाव्या शतकात जपान. तिबेटात तो सातव्या-आठव्या शतकात गेला आणि तिथून मंगोलियात. युरोपात कास्पियन समुद्राकाठी काल्मिकिया नावाचा रशियाचा प्रांत आहे, तिथेही तिबेटी वळणाचा बौद्ध धर्म आहे. मुलांना हे सांगितलं की डोळे मोठे होतात. आज श्रीलंका, म्यानमार, थायलंड, लाओस, कंबोडिया थेरवादी, म्हणजे जुन्या पाली परंपरेचे. चीन, कोरिया, जपान, व्हिएतनाम महायानी, म्हणजे बोधिसत्त्वांनाही पुजणारे. तिबेट, भूतान, मंगोलिया वज्रयानी, म्हणजे मंत्र-तंत्राच्या तिबेटी वळणाचे.

हा फरक मी लेण्यात रोज बघतो. श्रीलंकेचे, थायलंडचे पाहुणे चैत्यात खाली बसतात आणि पालीत सूत्र म्हणतात. तैवान-व्हिएतनामची बाई अवलोकितेश्वरापुढे जास्त वेळ थांबते. तिच्या देशात हाच बोधिसत्त्व स्त्रीरूपात पुजला जातो, आणि इथे त्याला पुरुषरूपात पाहून ती गोंधळते. तिबेटी म्हातारी स्तूपाला प्रदक्षिणा घालायला लागते, ग्रुप पुढे गेला तरी तिच्या फेऱ्या चालूच. आणि आपल्याकडची, जालन्या-बीडची माणसं पांढरे कपडे घालून येतात, त्रिशरण-पंचशील म्हणतात, बाबासाहेबांच्या नावाने जयघोष करतात.

या शेवटच्या वाटेवर वर्गात घाई करू नका. भारतातून बौद्ध धर्म जवळपास पुसला गेला होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला डॉ. आंबेडकरांनी दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. २०११ च्या जनगणनेत भारतात ८४ लाखांच्या आसपास बौद्ध नोंदले गेले, त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रातले. इथे धर्म नेणारा व्यापारी नव्हता, भिक्षूही नव्हता. माणसांनी तो अन्यायाला उत्तर म्हणून जाणूनबुजून निवडला. बाबासाहेबांच्या मांडणीत दुःखाचं सामाजिक कारण पुढे येतं, आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला जातो. थायलंडचा भिक्षू आणि छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवनातल्या कॉलेजचा विद्यार्थी, दोघेही बौद्ध, पण 'दुःख म्हणजे काय' याचं उत्तर दोघं वेगळं देतील. बाबासाहेबांनी १९५० मध्ये छत्रपती संभाजीनगरात काढलेल्या कॉलेजला पुढे मिलिंदाचं नाव मिळालं. मिलिंद म्हणजे भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिनँडर. वायव्येकडच्या ग्रीक राजाचं नाव मराठवाड्यातल्या कॉलेजला आलं, तेही याच धर्माच्या वाटेने.

आता जैन. वेरूळला ३० ते ३४ क्रमांकाची लेणी जैनांची आहेत. बौद्धांची १ ते १२, हिंदूंची १३ ते २९. पर्यटकांचा जीव कैलासात, म्हणजे सोळाव्यात, अडकतो, आणि जैन लेण्यांपर्यंत पोचेस्तोवर त्यांचे पाय दुखायला लागलेले असतात. तुमचे विद्यार्थी जैन-बौद्धांत गोंधळतात, कारण दोघांचा काळ आसपासचा, दोघांत अहिंसा, दोघांत बसलेल्या मूर्ती. फरक आत्म्याशी आहे. बौद्ध म्हणतो, नित्य आत्मा नाही. जैन म्हणतो, प्रत्येक जीवाला आत्मा आहे, पाण्याच्या थेंबातसुद्धा जीव आहे, आणि कर्म हे सूक्ष्म कणांसारखं आत्म्याला चिकटतं. ते तपाने झाडायचं असतं. एवढा धागा हातात आला की बाकीचं आपोआप जुळतं: मुनी पायीच का फिरतात, पावसाळ्यात एका जागी का थांबतात, सूर्यास्तानंतर का जेवत नाहीत. नकाशाही यातूनच कळतो. ज्या धर्माचे साधू परंपरेने वाहनात बसत नाहीत, जहाजावर चढत नाहीत, तो समुद्र ओलांडणार कसा? बौद्ध भिक्षू जहाजाने चीनला गेला, जैन मुनी कुंथलगिरीहून श्रवणबेळगोळला पायी गेला. जैन धर्म भारतातच राहिला तो शिकवण कमी पडली म्हणून नव्हे, शिकवण काटेकोर पाळली म्हणून. पूर्व आफ्रिकेत किंवा अँटवर्पच्या हिरेबाजारात आज जैन दिसतात, ते व्यापारी गृहस्थ आहेत. २०११ च्या जनगणनेत सगळ्यात जास्त जैन, सुमारे १४ लाख, महाराष्ट्रातच होते.

हिंदू धर्म शिकवताना मुलांना वाटतं की आपल्याला माहीत आहे. तिथेच घोटाळा होतो. कर्म, पुनर्जन्म, मोक्ष हे बहुतेक परंपरांत समान. पण ईश्वर एक की अनेक, सगुण की निर्गुण, ज्ञानाने सुटका की भक्तीने, यावर सक्ती नाही. पवित्र वस्तू मात्र फार ठिकाणी जागेला बांधलेली आहे: गंगा, पंढरपूर, तुळजापूर, आपल्याच मराठवाड्यात घृष्णेश्वर, औंढा आणि परळी अशी तीन ज्योतिर्लिंगं. औंढा आणि परळी यांच्या मानावर गुजरात आणि झारखंडही दावा सांगतात. तो वाद वर्गात काढू नका, वेळ जाईल. जागेला बांधलेला धर्म लांब जात नाही असं वाटेल. तरी अंगकोर वाटचं प्रचंड मंदिर बाराव्या शतकात विष्णूसाठी बांधलं गेलं, आणि बालीत आजही हिंदू बहुसंख्य आहेत. त्या वाटेने राजे, पुरोहित आणि व्यापारी गेले. दुसरी वाट इंग्रजांच्या मळ्यांची: १८३४ नंतर करारावर बांधलेले मजूर मॉरिशस, त्रिनिदाद, गयाना, फिजीला नेले गेले. समुद्र ओलांडला की जात बाटते असं मानणाऱ्या घरांतली ही माणसं. मॉरिशसला गेलेल्यांत मराठी मजूरही होते. त्यांना गंगा नेता आली नाही. तिथल्या डोंगरातल्या एका तळ्यालाच त्यांनी गंगा तलाव केलं. तरी जगातल्या हिंदूंपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास आजही भारतातच राहतात.

इथे आपल्याच भागातली दोन उदाहरणं तक्त्याला चांगली धडक देतात. लातूर-नांदेड-बीडच्या लिंगायत घरातलं मूल गळ्यात इष्टलिंग घालतं. देव अंगावर, त्यामुळे देवळाची गरज नाही. बसवकल्याणची ही परंपरा चालत्या माणसाबरोबर चालते. (लिंगायत हा हिंदूंचा पंथ की स्वतंत्र धर्म, यावर त्या समाजातच दोन मतं आहेत. वर्गात दोन्ही सांगा, निकाल देऊ नका.) आणि महानुभाव. चक्रधरस्वामी जिथे बसले, जिथे थांबले त्या जागांची नोंद अनुयायांनी इतक्या बारकाईने ठेवली की स्थानांची वेगळी पोथी झाली. महाराष्ट्रात राहावं असा स्वामींचा उपदेश. आणि तोच पंथ पुढे पंजाब-पेशावरपर्यंत गेला. नियमाला असे फाटे फुटतात, ते लपवू नका.

आता पश्चिमेकडे. यहुदी धर्माचं सूत्र करार आहे: एकच ईश्वर, त्याने एका जनसमूहाशी केलेला करार, त्या कराराचे नियम. पवित्र जागा एकच, जेरुसलेमचं मंदिर. इ.स. ७० मध्ये रोमनांनी ते पाडलं. जागा गेल्यावर धर्म संपायला हवा होता. पण यज्ञाची जागा ग्रंथाने घेतली, पुरोहिताची जागा रब्बीने, म्हणजे नियम शिकवणाऱ्या धर्मगुरूने, मंदिराची जागा सिनेगॉगने, म्हणजे गावोगावच्या प्रार्थनाघराने, आणि शनिवारचा विसावा कुठेही पाळता येत होता. कोकणातल्या यहुद्यांना, म्हणजे बेने इस्रायलींना, गावकरी शनवार तेली म्हणायचे, कारण घाण्याचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत. देशोधडीला लागून हा धर्म जगभर पसरला; दुसऱ्यांना आपल्यात ओढायचा खटाटोप त्याने फारसा केला नाही, म्हणून संख्या आजही दीड कोटीच्या आसपासच.

त्याच मातीतून ख्रिस्ती धर्म निघाला, पण त्याने जागेचा आणि वंशाचा दोन्ही दोर कापले. देव माणूस झाला, वधस्तंभावर मेला, पुन्हा उठला, आणि ही सुटका सगळ्यांसाठी आहे. 'सगळ्यांसाठी' म्हटलं की बाहेर जावंच लागतं. रोमन रस्ते आणि ग्रीक भाषा हाताशी होती. आर्मेनिया आणि इथियोपिया चौथ्या शतकातच ख्रिस्ती झाले, इंग्लंडचे अँग्लो-सॅक्सन त्यानंतर. 'ख्रिस्ती म्हणजे गोरा' हे मुलांच्या डोक्यातलं एवढ्यानेच निघतं. केरळचे ख्रिस्ती आपली परंपरा थेट प्रेषित थॉमसपर्यंत नेतात. १०५४ ला पूर्व-पश्चिम फूट पडली, म्हणून रशिया-ग्रीस ऑर्थोडॉक्स. १५१७ नंतर ल्यूथरची बंडखोरी, म्हणून उत्तर युरोप बराचसा प्रोटेस्टंट. मेक्सिको ते अर्जेंटिना आणि फिलिपाइन्स कॅथलिक, कारण तिथे स्पेन-पोर्तुगालची जहाजं तलवार आणि पाद्री दोन्ही घेऊन गेली. हा धर्म भाषा बदलत बदलत गेला: फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत पुराण म्हणून मांडली. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. आज जगातल्या ख्रिस्ती माणसांपैकी सुमारे ३० टक्के सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत, युरोपात २२ टक्क्यांच्या आसपास. नकाशा रंगवताना युरोपला मध्यभागी बसवायची सवय मोडा.

इस्लामची तत्त्वं मुलं पटकन शिकतात, कारण ती मोजकी आणि स्पष्ट आहेत: अल्लाह एकच आणि मुहंमद त्याचे प्रेषित ही ग्वाही, पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, जकात (म्हणजे गरिबांसाठीचं सक्तीचं दान), ऐपत असेल तर हज. हिजरी सन ६२२ पासून सुरू होतो. ६३२ मध्ये प्रेषितांचं निधन झाल्यावर नेतृत्व कुणाचं या वादातून सुन्नी आणि शिया वेगळे होत गेले. इराण आज शिया आहे, पण १५०१ नंतर सफवी राजांनी ते केलं, त्याआधी तिथे सुन्नींचंच प्राबल्य होतं.

भूगोल या धर्मात रोज पाच वेळा दिसतो. जगातली प्रत्येक मशीद मक्केकडे तोंड करून आहे. मराठवाड्यात मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. म्हणून आपल्या गावच्या मशिदीचा मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, पश्चिमेच्या भिंतीत, आणि कबरी उत्तर-दक्षिण. मोरोक्कोत हाच मिहराब पूर्वेला असतो. मुलांना जगाचा नकाशा देऊन दहा शहरांतून मक्केकडे बाण काढायला लावा. एका तासात ती भूगोलही शिकतात आणि किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, हेही. भाषेचंही तसंच. ख्रिस्ती प्रार्थना मराठीत होते, पण नमाज बीडमध्येही अरबीत आणि सेनेगलमध्येही अरबीत. ग्रंथ सगळीकडे गेला, पण मूळ अक्षरांसकट.

नेणाऱ्यांचा माग काढायचा तर हे विचारा: कोकणातला मुसलमान आणि मराठवाड्यातला मुसलमान, दोघेही सुन्नी, तरी नमाजात हात कधी उचलायचे यात फरक का पडतो? बहुतेक कोकणी मुसलमान शाफई पद्धतीचे, केरळ, इंडोनेशिया आणि पूर्व आफ्रिकेसारखे. म्हणजे अरबी व्यापाऱ्यांची समुद्रवाट. मराठवाड्यातले बहुतेक हनफी, तुर्कस्तान आणि मध्य आशियासारखे. म्हणजे दिल्लीवरून आलेली खुष्कीची वाट. मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमाराला देवगिरीला राजधानी हलवली, तेव्हा दिल्लीचे सूफीही इकडे आले. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब खुलताबादला राहिले, १३३७ ला तिथेच दफन झाले. औरंगजेबाची साधी, उघडी कबर त्यांच्याच शिष्याच्या दर्ग्याच्या आवारात आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीवरचे बाबाशाह मुसाफिर मध्य आशियातून आलेले नक्शबंदी पंथाचे सूफी. आणि एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा: जगातल्या मुसलमानांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेत राहतो. मोठी संख्या इंडोनेशिया, पाकिस्तान, भारत, बांगलादेश या देशांत आहे.

सणांच्या तारखाही इथेच उलगडून टाका. इस्लामी वर्ष शुद्ध चांद्र, ३५४ दिवसांचं. अधिक महिना धरायला मनाई. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. आपल्या पंचांगात अधिक मास घालतात म्हणून दिवाळी शरदातच राहते. यहुदी १९ वर्षांत ७ वेळा महिना वाढवतात, म्हणून त्यांचा वल्हांडण सण (पासओव्हर) वसंतातच येतो.

शीख धर्मासाठी तर तुमच्या शेजारीच नांदेड आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथे देह ठेवला आणि यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू, असं सांगितलं. एक निराकार ईश्वर, नामस्मरण, कष्टाची कमाई, वाटून खाणं; जातपात न बघता एका पंगतीत लंगर. ग्रंथ जिथे विधिपूर्वक ठेवाल तिथे गुरुद्वारा, त्यामुळे पंजाबी शिपाई आणि कारागीर हाँगकाँग, केनिया, कॅनडाला गेले तिथे गुरुद्वारे उभे राहिले. त्या ग्रंथात हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीच्या नामदेवांची ६१ पदं आहेत. पंढरपूरच्या वाटेवरचा वारकरी आणि अमृतसरच्या गुरुद्वाऱ्यात ग्रंथ वाचणारा ग्रंथी एकाच संताचे शब्द म्हणतात, हे कुठल्याच रकान्यात मावत नाही.

उरलेल्यांना वर्गात थोडाच वेळ द्या. पारशी: सत्-असत् यांचा झगडा, आणि इराण सोडून आलेल्यांनी इथे पुन्हा प्रतिष्ठापना केलेला अग्नी. चीनमध्ये कन्फ्यूशियस, ताओ आणि बुद्ध एकाच घरात नांदतात. जपानी माणूस मूल झालं की शिंतो देवळात जातो आणि घरात कुणी गेलं की बौद्ध भिक्षूला बोलावतो. त्याला 'तुझा धर्म कोणता' विचारलं की तो हसतो. म्हणूनच बौद्धांचा आकडा मोजणाऱ्याप्रमाणे बदलतो. २०२० साठीचे ढोबळ आकडे असे: ख्रिस्ती २३० कोटी, मुस्लिम २०० कोटी, कुठलाच धर्म न सांगणारे १९० कोटी, हिंदू १२० कोटी, बौद्ध ३२ कोटी. तिसऱ्या क्रमांकाचा गट मुलांच्या तक्त्यात नसतोच. त्यात चीनची माणसं सगळ्यात जास्त आहेत.

मन दुखावण्याबद्दल. वर्गातल्या एखाद्या मुलाला उभं करून 'तू सांग, तुमच्यात काय असतं' असं विचारू नका. ते पोर धर्माचं वकील नाही, आणि त्याच्या घरची रीत ग्रंथाप्रमाणे असेलच असं नाही. वाक्य 'मानतात' या शब्दावर संपवा: ख्रिस्ती येशूला देवाचा पुत्र मानतात, मुसलमान ईसाला प्रेषित मानतात पण देव मानत नाहीत. खरं कोणतं, असं कुणी विचारलंच तर सांगा की या तासाला आपण कोण काय मानतं एवढंच शिकतोय. कुठला धर्म जास्त शास्त्रीय हा वाद नववीत कामाचा नाही. आणि तलवारीचा इतिहास कुठल्याही धर्माबाबत गाळू नका. एकाचा सांगितला आणि दुसऱ्याचा गाळला, तर मुलांच्या ते लगेच लक्षात येतं. रंगवलेला नकाशा एका देशाला एकच रंग देतो, तोही जपून वापरा. मोहरमच्या सवारीला हिंदू खांदा देतात, ते कुठल्या रंगात दाखवणार?

सहल काढणार असाल तर परभणीहून एका दिवसाची सोपी आखणी औंढा, नरसी, नांदेड अशी होते. दोन दिवस असतील तर पहिल्या दिवशी विद्यापीठामागची लेणी आणि पाणचक्की, दुसऱ्या दिवशी खुलताबाद आणि वेरूळ. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. हे न बघता आलेल्या शाळेच्या बसगाड्या मी दर हिवाळ्यात परत जाताना बघतो. वेरूळला शेवटाकडून, जैन लेण्यांपासून, सुरू करा, म्हणजे पोरांचे पाय ताजे असताना ती बघून होतात. दहाव्या लेण्यात, ज्याला सुतार का झोपडा म्हणतात, तिथे स्तूपाच्या पुढ्यात बसलेला बुद्ध दाखवा आणि अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातला बिनमूर्तीचा स्तूप फोटोत शेजारी ठेवा. दोहोंच्या मध्ये काय बदललं ते मुलांनाच ओळखू द्या. नांदेडला डोकं झाकायला प्रत्येकाच्या दप्तरात रुमाल हवा. जेवण लंगरमध्ये होतं, डबे नेले नाहीत तरी चालतं.